बंदरकरीणबाईंची आज्ञा

वालाच्या शेंगा बाजारात दिसू लागल्या की माझं डावं मनगट खाजायला लागतं. डॉक्टरांना अजून दाखवलेलं नाही. दाखवून सांगणार काय? "डॉक्टर, तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी दोन दिवस फार मोठी बाई होते, त्याची ही खाज आहे," असं? आमच्या ह्यांना एकदा सांगून पाहिलं. मोबाईलवरून नजर न उचलता ते म्हणाले, "शेंगा सोलून होत असेल. हातमोजे घाल." माझ्या मोठेपणावर आमच्या घरात एवढाच उपाय आहे.

पौषातले हे दिवस आमच्याकडे खरं तर चांगले असतात. भात घरात आलेलं असतं, पेंढ्याच्या उडव्या रचून झालेल्या असतात. संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या वाडीतून पोपटीचा धूर येतो. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वर भांबुर्ड्याचा पाला, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. त्या पाल्याचा वास असा, की पोट भरलेलं असलं तरी माणूस उठून धुराच्या दिशेने चालू लागतो. त्या वासाला गावात अजून वजन आहे. बाकी कशाला आहे, ते सांगणं कठीण.

आमचं गाव रेवसच्या अलीकडे, खाडीच्या काठावर. शेतं खाऱ्या पाण्याच्या पातळीच्याही खाली. मधे फक्त मातीचा बांध. बांध आहे तोवर शेत, बांध फुटला की खाडी. फुटण्याला आमच्याकडे 'खांड गेली' म्हणतात. मी नवी नवरी होते तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात ती हाक ऐकली. भर दुपारी, सगळे जेवायला बसलेले, आणि बांधावरून अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, आवाज आला, "खांड गेलीऽऽ!" मला वाटलं दरोडा पडला. सासूबाईंनी हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकली. शेजारचा एक जण तोंडातला घास चावत चावतच पळाला. घरटी एक माणूस, असा नियम. ज्या घरातून माणूस येणार नाही, त्या घरच्या हळदीला गाव जाणार नाही. आमच्याकडे लग्नाला कुणी नाही आलं तरी चालतं, हळदीला नाही आलं तर तोंड दाखवायला जागा उरत नाही.

मी डोक्यावर पदर घेऊन लांबून पाहत होते. अण्णा बांधावर उभे होते आणि काहीच करत नव्हते. फक्त नावं घेत होते. नाव घेतलं की तो माणूस छातीएवढ्या चिखलात उतरायचा. मला तेव्हा वाटलं, केवढी ही ताकद! आता वाटतं, ताकद त्यांच्यात नव्हतीच. उतरणाऱ्यांनी मनाशी ठरवलेलं होतं, या माणसाने नाव घेतलं की उतरायचं. ते ठरवणं इतकं जुनं झालं होतं, की त्यांनाही आठवत नव्हतं आणि अण्णांनाही.

तर तीन वर्षांपूर्वी, पौषी पौर्णिमेच्या उधाणाला आमच्या शेताच्या तोंडाशी बांध गेला. पाऊस नाही, वारा नाही. खेकड्यांनी पोखरला होता. आठ-दहा फुटांची खांड. अण्णा तेव्हा ऐंशीच्या घरात. काठी टेकत बांधावर गेले आणि त्यांनी हाक दिली. आवाज पूर्वीसारखा नव्हता, पण गावभर गेला. मी अंगणात वाल सोलत होते, मला स्वच्छ ऐकू आला. समोरच्या नमीवहिनींनाही आला, कारण त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

कुणी आलं नाही.

अण्णा मग घरोघर फिरले. मी मागोमाग, ते पडतील म्हणून. कुणी वाईट बोललं नाही, हेच वाईट होतं. सगळ्यांनी खुर्ची दिली, चहा टाकला. "अण्णा, पोरगा न्हावा शेव्याला टेलरवर डायवर हाय, तीन दिसांनी येल." "अण्णा, आमी तं सोडलीच शेती, आता बांध कुनासाठी बांधाचा?" एका घरात कॉलेजातल्या मुलाने अगदी आदराने सांगितलं, "आजोबा, जेसीबी बोलवा ना." अण्णा म्हणाले, "बाला, त्या बांधावर बकरी चालली तं माती ढासलते. जेसीबी बांध घेऊन खाडीत जाल." मुलगा म्हणाला, "मग ड्रोनने सर्व्हे करा." घरी येताना अण्णा वाटेतली ढेकळं काठीने बाजूला सारत होते. मग म्हणाले, "सूनबाय, ड्रोन माती टाकतो काय गं?"

"नाही अण्णा. फोटो काढतो."

"आपल्या गावाचा मानूस हाय म्हन तो बी."

पुढच्या अमावस्येच्या उधाणाआधी खांड बुजली नाही तर ती रुंदावणार, आणि मग आमचं उरलेलं एकमेव शेत जाणार, हे त्यांनी मला जेवताना सांगितलं. मधे अष्टमीला भांग असते, म्हणजे भरतीला जोर नसतो. बांधायचं तर त्याच दिवशी, सकाळी पाणी उतरल्यापासून ते परत फिरेपर्यंत. वीसेक माणसं हवीत. आमच्या घरात होतो आम्ही तिघं, त्यातला एक ऐंशीचा आणि एकाची कंबर धरलेली. कंबरवाले म्हणजे आमचे हे.

त्याच अष्टमीच्या शनिवार-रविवारी आमच्याकडे तेवीस पाहुणे येणार होते.

ह्यांनी आमची नारळ-सुपारीची वाडी आणि मागच्या खोल्या इंटरनेटवर टाकल्या होत्या. आमच्याकडे कुणी फारसं फिरकत नसे. लोक विचारायचे, "समुद्र किती लांब?" ह्यांचं प्रामाणिक उत्तर, "समुद्र नाही, खाडी आहे." "व्ह्यू काय आहे?" "चिखल." पण तन्मय नावाच्या त्या मुलाने फोनवर समुद्राचं नावच काढलं नाही. त्याला हवी होती मोकळी वाडी, दोन वेळचं जेवण, आणि आम्ही काय करतोय ते कुणी विचारू नये. ह्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "दारू पिणार."

ते आले तेव्हा कळलं, दारू परवडली असती. रेवसच्या धक्क्यावरून टेम्पोत बसून बावीस जण उतरले, पंचवीस ते पस्तिशीचे, चांगल्या नोकऱ्यांचे. सोबत फोमच्या तलवारी, पुठ्ठ्याची चिलखतं, मखमली झगे, एक शिडाचं कापड. तासाभरात माझ्या वाडीचं बंदर झालं. विहीर म्हणजे दीपस्तंभ, गोठा म्हणजे जकातनाका. बंदराचा राजा मेलेला होता आणि पुढचा कोण, ते दोन दिवसांत ठरायचं होतं.

अण्णा ओटीवरून बघत होते. "नाटकमंडली हाय काय?"

"नाटक नाही अण्णा, खेळ आहे. बघणारं कुणी नसतं, सगळे करणारेच."

"सगले बोलनारे नि आयकनारा कुनी न्हाय," अण्णा म्हणाले. "म्हंजे ग्रामसभा."

मी फक्त स्वयंपाक करणार होते. पण 'बंदरकरीण', म्हणजे बंदराच्या जुन्या मुखत्याराची विधवा, जिच्या हाती आयत्या वेळी राजाचा निर्णय येतो, ती होणारी मुलगी तापाने आलीच नाही. तन्मयने माझ्याकडे पाहिलं. हातात उलथनं घेतलेली बाई मुखत्याराच्या विधवेसारखी दिसत असावी. ह्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "मला मारलंस ते मारलंस, निदान विचारायचं तरी."

तन्मयने मला नियम समजावले. तो दाढीवाला, हळू बोलणारा, खिशात एक वही बाळगणारा मुलगा. त्याच्या जगात माणसाची कीर्ती मनगटावर बांधलेली असे, लाल दोऱ्यांच्या रूपात. प्रत्येकाला सुरुवातीला एक. दर नाश्त्या-जेवणाला प्रत्येकाने दुसऱ्या कुणाची तरी एक करणी तन्मयला येऊन सांगायची, तो ती वहीत लिहिणार. तुझं नाव तीन जणांनी घेतलं की तुला एक दोरा. स्वतःचं नाव स्वतः घ्यायचं नाही, घेतलं तर असलेला एक जातो. तीन जणांनी वेगवेगळं येऊन एकच अफवा सांगितली तरीही एक जातो. आणि जास्त दोरेवाल्याने काही सांगितलं, तर कमी दोरेवाल्याने छातीशी हात नेऊन 'आज्ञा' म्हणायचं आणि ते करायचं.

"आणि मनातून पटलं नाही तर?" मी विचारलं.

"मनात काय आहे ते कुणी विचारत नाही, मावशी. वागायचं फक्त तसं. एखाद्याने छान मान दिला ना, की समोरचा आपोआप राजा दिसायला लागतो. राजाचं काम राजा करतच नाही, बाकीचे करतात."

मला बांधावरचे अण्णा आठवले. मी चुलीकडे वळले. माझी कोलंबी करपत होती.

"आणि कुणाला खरंच थांबायचं असलं," तन्मय म्हणाला, "काही लागलं, दुखलं, फोन आला, तर दोन्ही हात छातीवर फुली करून धरायचे. तो माणूस खेळाबाहेर. त्याच्यावर कुणाची आज्ञा चालत नाही."

त्या रात्रीच्या जेवणापर्यंत बाकीचे कटकारस्थानं करत होते. कुणी दोन घराण्यांत तह घडवला, कुणी खोटं मृत्युपत्र लिहिलं. मी बोंबील तळले. आणि वहीत सर्वांत जास्त वेळा नाव आलं ते बंदरकरीणबाईंचं. "बाईंनी दुष्काळात प्रजेला अन्न दिलं," "बाईंच्या सोलकढीने दोन शत्रू एका पंगतीत बसले." एका जेवणात तीन दोरे. माझ्या मनगटावर चार लाल दोरे झाले, आणि मी, जिला घरात जेवायला या म्हणून तीनदा ओरडावं लागतं, तिने चुलीपाशी उभं राहून सहज म्हटलं, "पाण्याची कळशी भरून आणा कुणीतरी," तर पाच जणांनी छातीशी हात नेले. "आज्ञा, बंदरकरीणबाई!"

खोटं कशाला बोलू, अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भ्रष्ट झाले. ज्यांनी माझं नाव घेतलं होतं त्यांच्या पोह्यांवर जास्त खोबरं पडू लागलं. रिद्धी नावाची एक चुणचुणीत मुलगी, राणी होऊ पाहणारी, माझ्याविरुद्ध अफवा पेरते आहे असं कळलं. तिला मी चहा कोमट दिला. एका संगणकवाल्या मुलाला सांगितलं, "झाडावरून नारळ काढ." त्याला चढता येत नव्हतं. तरी तो "आज्ञा" म्हणून माडाला मिठी मारून पाच मिनिटं उभा राहिला. मला इतकं बरं कुणी कधी वागवलं नव्हतं. नाश्त्याच्या वहीत पुन्हा नाव, पुन्हा दोरे. सात झाले. सातच्या पुढे बंदरात कुणीच नव्हतं.

आता मला वाटतं, मोठेपणाची चटक लागायला माणूस मोठा असावा लागत नाही. चार जणांनी ठरवून तसं वागलं की पुरतं.

त्या रविवारी अष्टमी होती. पाणी उतरायला लागलं होतं. अण्णा एकटेच काठी घेऊन बांधाकडे निघालेले मला चुलीपासून दिसले, आणि मी तन्मयला हाक मारली. म्हटलं, "तुझ्या बंदराचा तट फुटलाय. समुद्र आत येतोय. निर्णय राहू दे, आधी तट बांधू या. खरा तट आहे, शेताकडे."

त्याचे डोळे चमकले. "मावशी! हे जबरदस्त आहे. शेवटच्या अंकाला याच्याहून चांगलं काय हवं?"

मी अण्णांना गाठलं. ते थांबले, दम खाल्ला, सगळं ऐकलं. मग एकच विचारलं, "ही पोरां पानी फिरून बांधाला लागंपरेंत थांबतील ना? मधे सोडलं तं वंगाल व्हईल. दोन अंगांनी माती आवलत नेली की पानी त्या फटीतून खवलून जातं, खाली खनतं. त्याच्यापरीस उगडी खांड बरी. धरलं तं पुरं कराचं, न्हाय तं हात लावाचा न्हाय."

"थांबतील," मी म्हणाले. "माझ्या शब्दाबाहेर नाहीत."

पाचच्या लाँचने ते जाणार होते, हे मला माहीत होतं. लाँचवर खायला मीच तिळाचे लाडू बांधून ठेवले होते. तरी मी तसं म्हणाले. सात दोरे बांधलेला हात हलवत म्हणाले.

पुढचे पाच तास मी आयुष्यभर विसरणार नाही. झगे खोचून, पुठ्ठ्याची चिलखतं काढून बावीस जण चिखलात उतरले. चिखलाचे गोळे हातोहात पुढे जायचे, घमेल्यांऐवजी ढाली वापरल्या. राणी होऊ पाहणारी रिद्धी गुडघाभर रुतली होती आणि खाली वाकून खेकड्यांची बिळं बुजवत होती. काही गाणी म्हणत होते, त्यांना चाल लागत नव्हती. आणि अण्णा बांधावर उभे होते. नावं ठाऊक नव्हती, म्हणून ते रंगांनी हाक मारत होते. "ए जांभल्या! तिकडं न्हाय, पायथ्याला! ए सोन्याची टोपी! तुडव, नुसती टाकू नको!" जांभळा तुडवायचा, सोन्याची टोपी पायथ्याला जायची. अण्णांची काठी कुठे पडली होती, त्यांच्या लक्षात नव्हतं. आमचे हे कंबर धरून आले, आणि कंबर विसरून माती ओढायला लागले.

तन्मय मधेच वही घेऊन अण्णांपाशी गेला. तीन जणांनी त्यांचं नाव घेतलं होतं. त्याने लाल दोरा काढला. अण्णांना वाटलं, कसली तरी पूजा आहे; त्यांनी टोपी सारखी केली आणि उजवा हात पुढे केला.

साडेतीनला दोन्हीकडची माती इतकी जवळ आली की मधे दोन हात फट उरली. पाणी फिरलं होतं, पण अजून लांब होतं. अजून तासभर. फक्त तासभर.

तन्मयने शिट्टी वाजवली. दोन्ही हातांची फुली छातीवर धरली. आणि त्याच्या मागोमाग, जिथे होते तिथे, चिखलात उभ्या असलेल्या सगळ्यांनी.

मग एकदम टाळ्या. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते, चिखलाच्या हातांनी. कुणी फोन काढले. मी ओरडले, "थांबा! अजून संपलं नाही! आज्ञा आहे माझी!" त्यावर आणखी टाळ्या झाल्या. मी म्हटलं, "अरे, खरं सांगते. खरं शेत आहे हे. आता सोडलं तर सगळं जाईल." माझा आवाज फाटला होता. रिद्धी रडत माझ्या गळ्यात पडली. "मावशी, काय करताय तुम्ही हे! काटा आला अंगावर!" मी जितकं खरं बोलत होते तितकी ती मुलं हेलावत होती, आणि जितकी हेलावत होती तितकी लाँचची वेळ होत होती.

तन्मयला कळलं. खोटं बोलणार नाही, त्याला कळलं. तो पांढरा पडला. त्याच्यासह चार जण आणखी वीस मिनिटं थांबले, वेड्यासारखे मातीचे गोळे टाकत राहिले. चौघांचं काम नव्हतं ते. बाकीचे विहिरीवर पाय धूत होते, टेम्पो हॉर्न देत होता. "मावशी, उद्या सगळ्यांची ऑफिसं आहेत," तो म्हणाला. "तुम्ही सकाळीच खरं सांगितलं असतं ना, तर मी वेळ वाढवून घेतली असती." वाईट बोलला नाही. तोही वाईट बोलला नाही.

मी लाडूंचा डबा द्यायला विसरले.

पाणी आलं तेव्हा आम्ही तिघं बांधावर होतो. भांगेचं पाणी, गरीब पाणी म्हणतात त्याला. ते त्या दोन हातांच्या फटीशी आलं, क्षणभर थबकल्यासारखं झालं, आणि मग आवाज करत आत घुसलं. अण्णांनी सांगितलं होतं तसंच. बाजूंना हात लावला नाही, सरळ खाली खणत गेलं. अर्ध्या तासात फटीखाली माणूस बुडेल एवढा खड्डा झाला. आठ दिवसांनी अमावस्येला त्या खड्ड्यावरची माती दोन्हीकडून ढासळली आणि तीस फूट बांध गेला.

अण्णांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. एकदाच, चार-पाच दिवसांनी, चहा पिताना म्हणाले, "तू बोलावलंस तं बावीस आली. मी बोलावलं तं येक न्हाय." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. माझं कौतुक करत होते बहुधा. शेत गेलं त्याहून तेच मला जास्त लागलं. म्हणजे मी त्यांचं शेत तर घालवलंच, वर भर दुपारी, सगळ्यांदेखत, त्यांना दाखवून दिलं की हाकेला माणसं येतात. फक्त त्यांच्या हाकेला येत नाहीत. आमच्या गावातला खेळ कधीच संपला होता. कुणी शिट्टी वाजवली नव्हती, कुणी छातीवर हात धरले नव्हते. सगळे एकेक करून विहिरीवर पाय धुऊन निघून गेले होते, आणि हे अण्णांना सांगायचं राहून गेलं होतं.

यंदा पौष लागला. शेतात आता भरतीला बोट जाते. जिथे तांबडा भात व्हायचा तिथे तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उगवली आहेत, कमरेएवढी, हिरवीगार. पाहुण्यांना फार आवडतात. तिवरांना हात लावायचा नाही असा कायदा आहे, त्यामुळे ती आता कायमची. पहिलं वर्षभर अण्णा ओहोटीला जाऊन कोवळी रोपं उपटायचे. पुढे ती त्यांच्याहून जोमात वाढली.

तर मागच्या आठवड्यात अण्णा म्हणाले, "सूनबाय, त्या पोरांना बोलव ना येकदा. भांगेला. या टायमाला आधीच सांगू, पानी फिरंपरेंत थांबाचं."

मी उठले. आतल्या खोलीत जाऊन तन्मयला फोन केला. तो खरंच आनंदला. ते आता कर्जतकडे डोंगरातल्या फार्महाऊसवर खेळतात. "मावशी, तुम्हाला माहितीये, आमच्या खेळात अजून तुमचं नाव घेतात! नव्या मुलांनी तुम्हाला पाहिलंही नाही, पण बंदरकरीणबाईंची शपथ घालतात एकमेकांना." मी बांधाचं सांगितलं. त्याने भांग कधी आहे ते विचारलं. मग म्हणाला, "ग्रुपवर टाकतो." त्याने टाकलं. संध्याकाळपर्यंत मला एकोणीस लाल बदाम आले. 'मिस यू मावशी.' 'लेजंड.' 'बोंबील!!!'

"काय म्हनतात?" अण्णांनी विचारलं.

"बघतो म्हणाले."

"बगतो म्हनाले म्हंजे येतील."

शनिवारी भांग होती. सकाळी मी उठून पाहते तर अण्णा घरात नाहीत. गावात फिरत होते, घरोघर, हातगाडी घेऊन. माणसं मागायला नव्हे. फावडी मागायला. "पोरां येनार हायत मुंबईशी, त्यांना लागतील." आणि सगळ्यांनी दिली हो. हसत दिली. कुणी माळ्यावरून काढून दिलं, कुणी दांडा बसवून दिला. नमीवहिनींनी तर दोन दिली. गावातली फावडी अशी वर्षानुवर्षं कुणी मागितलीच नव्हती.

बांधाच्या तोंडाशी, आता जिथून पलीकडचा बांध हाक मारण्याइतका लांब दिसतो, तिथे अण्णांनी ती ओळीने मांडली. दांडे माणसं येतील त्या बाजूला, म्हणजे येणाऱ्याला वाकून सरळ उचलता यावं. एकवीस होती. मी त्यांच्या शेजारी बसले. ओहोटीचा चिखल उन्हात चमकत होता, तिवरांच्या मुळांत खेकडे फिरत होते. अण्णांनी बरोबर आणलेल्या भाकरीतली अर्धी मला दिली. रस्त्याकडे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. पाण्याकडे पाहत होतो.

दुपार कलली. पाणी फिरलं. तिवरांच्या मुळांशी आलं, मग बुंध्यांशी. पहिल्या फावड्याच्या पात्याला लागलं तेव्हा अण्णा उठले. "चल, उचल," म्हणाले. "लोकांची हायत. गंजतील."

दोन फेऱ्यांत आम्ही ती वर आणली. अण्णा अंगणात बसून एकेक पातं पोत्याने पुसत राहिले, आणि परत द्यायला मी निघाले. ते म्हणाले, तू जा. दारोदार फावडी पोचवली. नमीवहिनी सगळ्यांत शेवटी होत्या. त्यांनी दोन्ही फावडी भिंतीला टेकवली, पदराला हात पुसले.

"झालं काय गं अण्णांचं काम?"

"झालं," मी म्हणाले.